फाटकाआतली गाणी, फाटकाबाहेरची गाणी

मराठीत 'बाल'ने सुरू होणाऱ्या दोन पदव्या सगळ्यांना माहीत आहेत, आणि दोन्हींचा रस्ता जळगावातून जातो.

पहिली पदवी नारायण श्रीपाद राजहंस या मुलाची. जन्म १८८८चा. लहानपणी काही काळ तो शिक्षणासाठी जळगावात नातेवाइकांकडे राहिला. शाळेत त्याने काय दिवे लावले याची आज कुणी आठवणही काढत नाही. पण त्याच गावात मेहबूबखाँ नावाच्या गवयाकडे त्याला गाण्याचे पहिले धडे मिळाले. दहा-अकरा वर्षांचा असताना त्याचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला 'बालगंधर्व' म्हटलं असं सांगतात. १९०५ साली, सतराव्या वर्षी, तो किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला.

दुसरी पदवी धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरेची. जन्म १८९०चा. १९०७ साली जळगावात पहिलं मराठी कविसंमेलन भरलं, डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांच्या अध्यक्षतेखाली. तिथे या सोळा-सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि तो 'बालकवी' होऊनच बाहेर पडला. 'म्हटली' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. तेव्हा कविता वाचत नसत, म्हणत. वृत्ताला चाल असायची, आणि कविता पाठ असणं म्हणजे ती चालीत येणं.

आज जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचं नाव आहे आणि बालकवी पाठ्यपुस्तकात आहेत. दोघांनाही गावाने मान दिला. पण आपली गोष्ट सुरू होते ती या दोघांच्या तेव्हाच्या वयापासून. ज्या वयाच्या पोरांना आपण आज टीनएजर म्हणतो, त्या वयाची खानदेशातली पोरं-पोरी गेल्या सव्वाशे वर्षांत गाणं कुठून घेत आली? शाळेने त्यांना काय दिलं आणि फाटकाबाहेर काय ठेवायला लावलं?

मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. धुळ्याकडचा आहे, इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात हिंजवडीत कोड लिहितो. हा प्रश्न पडला तो ऑफिसमुळे. गेल्या काही वर्षांत टीममधली नागपूरची, कोल्हापूरची, एवढंच काय हैदराबादची मंडळीही अहिराणी गाण्यांवर रील करायला लागली आणि मला शब्दांचे अर्थ विचारायला लागली. ज्या भाषेत बोललं की शाळेत कान पिळला जायचा, त्या भाषेसाठी मी अचानक टीमचा गूगल ट्रान्सलेट झालो. आनंद झालाच. पण सोबत एक खटकणारी गोष्टही लक्षात आली. तिच्याकडे शेवटी येतो.

पोरींचं वेळापत्रक

बालगंधर्व आणि बालकवी ही मुलांची उदाहरणं. मुलींना गवयाकडे पाठवायची किंवा कविसंमेलनात उभं करायची रीत नव्हती. म्हणून त्यांचं संगीत शिक्षण झालंच नाही असं समजायचं कारण नाही. ते वर्षभर चालायचं, फक्त त्याला घंटा नव्हती.

आपल्याकडचं वर्षच बघा. वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकी महाराष्ट्रात त्या दिवशी सोनं घेतात. खानदेशात त्या दिवशी सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराई मांडतात आणि गातात. ही गाणी झोक्याच्या लयीवर चालतात. झोका जितका वेळ चालेल तितकं गाणं लांबतं, आणि एकीला कडवं सुचेनासं झालं की दुसरी पुढे नेते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत गुलाबाई. तिलाच कुठे भुलाबाई म्हणतात. विदर्भातही ती आहे. संध्याकाळी पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर जायच्या, गाणी म्हणायच्या आणि शेवटी डब्यात खाऊ काय आहे ते ओळखायच्या. आणि या सगळ्यांच्या मधे, रोज पहाटे, जातं.

या गाण्यांत काय असायचं? सासू असायची, नणंद असायची, न्यायला न आलेला भाऊ असायचा, न मिळालेलं लुगडं असायचं. तेरा-चौदा वर्षांची मुलगी जे घरात बोलू शकत नव्हती, ते झोक्यावर मोठ्याने गाऊ शकत होती. गाण्यातल्या तक्रारीला कुणी तक्रार म्हणत नाही. माझी मोठी माय (आमच्याकडे आजीला असंच म्हणतात) म्हणायची की आखाजीला माहेरी आलेल्या पोरीचं सासर कसं आहे हे तिला विचारावं लागत नाही, ती कुठलं गाणं धरते ते ऐकायचं.

धुळे जिल्ह्यातलं थाळनेर तापीकाठचं. एकेकाळी फारुकी राजांची राजधानी, आता शिरपूर तालुक्यातलं एक गाव. तिथले जमीनदार हरिदास रामदास लाड हे गुजराती कुटुंबातले. त्यांच्या मुलीचं लग्न मास्टर दीनानाथ मंगेशकरांशी झालं. म्हणजे लता मंगेशकरांचं आजोळ थाळनेर. वडिलांकडून लताबाईंनी राग घेतले हे सगळे सांगतात. आजीकडून त्यांनी पावागडचे गरबे घेतले, हे कमी सांगितलं जातं. त्यांची शाळा नावापुरतीच झाली. १९४२ साली, तेरा पुरी व्हायच्या आधीच, त्यांनी सिनेमासाठी पहिलं गाणं गायलं. एका हाताला शास्त्र शिकवणारा बाप आणि दुसऱ्या हाताला ओसरीवर गाणारी आजी, अशी ती शिकवणी होती. यातल्या दुसऱ्या शिकवणीला आपण शिक्षण म्हणत नाही, एवढाच काय तो फरक.

सावित्रीचा धडा

शाळा आणि गाणं यांच्यातली खानदेशातली सगळ्यात सुंदर घटना आसोद्याच्या एका बाईच्या घरात घडली. बहिणाबाई चौधरी १८८० साली जन्मल्या, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला आल्या, तिशीत विधवा झाल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव शाळेत जायचा. त्यांनीच पुढे सांगितलेली ही गोष्ट आहे. शाळेच्या पुस्तकातला सावित्री-सत्यवानाचा धडा त्यांनी आईला वाचून दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्या कथेचं गाणं केलेलं होतं. ते ऐकून थक्क झालेल्या सोपानदेवांनी आईची गाणी वहीत उतरवायला सुरुवात केली.

यात काय घडलं ते नीट पाहा. शाळेतला धडा मुलासोबत घरी आला. आईने त्याच्यावर आपली चाल आणि आपली बोली चढवली. मग शाळेत शिकलेल्या अक्षरांनीच मुलाने ते गाणं वाचवलं. शाळा नसती तर ती गाणी जात्याच्या पिठाबरोबर उडून गेली असती. आई नसती तर तो धडा परीक्षेनंतर विसरला गेला असता. फाटक दोन्ही बाजूंनी उघडं होतं म्हणून मराठीला बहिणाबाई मिळाल्या.

१९५१ साली त्या गेल्या. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून आलं. मग त्या पाठ्यपुस्तकात आल्या, म्हणजे गाणं परत शाळेत आलं. पण येताना एक गोष्ट फाटकावर राहिली. पुस्तकाचं नाव 'गाणी' आहे. आमच्या वर्गात मात्र त्यांची कविता झाली. सरांनी ती वाचली, अवघड शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहिले, मग भावार्थ, मग 'कवयित्रीला काय सुचवायचे आहे ते तुमच्या शब्दांत लिहा'. चार गुण. चाल कुणी विचारली नाही.

यात त्या सरांचा दोष काढण्यात अर्थ नाही. पस्तीस मिनिटांच्या तासात साठ पोरं आणि पूर्ण करायचा अभ्यासक्रम असेल तर गाण्याचा प्रश्नपत्रिकेत बसणारा भागच शिकवला जाणार. शब्द बसतात, अर्थ बसतो, अलंकार बसतो. चाल बसत नाही, कारण ती उत्तरपत्रिकेत लिहिता येत नाही. गाण्यासाठी ज्या परीक्षा आहेत त्या वेगळ्या. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत. धुळे-जळगावातली अनेक पोरं त्या देतात. त्यात यमन असतो, भूप असतो. असायलाच हवा. पण मोठ्या मायच्या झोक्याची चाल त्यातही कुठे येत नाही.

आणि बहिणाबाई खरं तर नशीबवान. त्यांची लेवा बोली निदान पुस्तकापर्यंत पोचली. खानदेशाच्या पूर्वेला लेवा आणि तावडी, पश्चिमेला अहिराणी, सातपुड्याकडे पावरी आणि भिलांच्या बोली. यातल्या बाकीच्यांना तेवढंही मिळालं नाही.

शाळा जेव्हा गायली

शाळेने गाणं फक्त मारलंच असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. खानदेशातल्याच शाळा एके काळी अशा गायल्या की सरकारला धडकी भरली.

१९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये पांडुरंग सदाशिव साने नावाचे शिक्षक रुजू झाले. छात्रालय त्यांच्याकडे होतं. पोरांची अंथरुणं घालणारे, त्यांच्यासाठी रोज हाताने 'छात्रालय दैनिक' लिहिणारे साने गुरुजी १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे विनोबा गीतेवर बोलत आणि गुरुजी ते टिपून घेत. आज आपण वाचतो ती 'गीता प्रवचने' त्याच तुरुंगातली. त्याच गुरुजींची 'खरा तो एकचि धर्म' ही प्रार्थना पुढे महाराष्ट्रभरच्या शाळांत रोज म्हटली जाऊ लागली.

ही प्रार्थना तुम्हीही म्हटली असेल, ऊन लागतंय म्हणून एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकत. ती कुणी शिकवल्याचं आठवतं का? नाही. पहिलीतल्या पोराने दुसरीतल्या पोराकडून ती ऐकत ऐकत घेतली, शब्द चुकत चुकत. म्हणजे शाळेच्या आवारात असूनही ती आखाजीच्या गाण्यासारखीच पोचली, एका मुलाकडून दुसऱ्याकडे. परीक्षेत नसलेली ती बहुधा एकमेव गोष्ट जी शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला आजही पाठ आहे.

१९४१ नंतर राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी समूहगीतांची परंपरा गावोगावी नेली. तिथे संध्याकाळी शाळेतलीच पोरं जमायची, पण हजेरीपट नव्हता. आणि ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. हातात तिरंगा, तोंडी गुजराती घोषणा. कारण नंदुरबारच्या बाजारपेठेत गुजराती ही घरची भाषा होती. पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता गेला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याच्यासोबत आणखी चार जण गेले. लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्यामदास.

त्या पोरांना कुणी विचारलं नाही की घोषणा प्रमाण भाषेत का नाही. घरी जी भाषा, तीच रस्त्यावर. रोज एकत्र म्हणण्याची सवय, ओळखीची लय आणि आपली भाषा या तीन गोष्टी एकत्र आल्या की पंधरा वर्षांचं पोरगं किती सरळ उभं राहतं, हे त्या दिवशी नंदुरबारने पाहिलं.

'शे' आणि 'आहे'

स्वातंत्र्यानंतर शाळा वाढल्या, गावोगाव पोचल्या. मोठी गोष्ट झाली. माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर त्यामुळेच झाला. पण फाटकावर एक नवीन तपासणीही सुरू झाली, भाषेची.

मागे जाऊन सांगायचं तर ही तपासणी इंग्रजांच्या काळातच कागदावर आली होती. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा जो खंड १९०७ साली निघाला, त्यात खानदेशी ही मराठीसोबत न ठेवता भिल भाषांसोबत ठेवली गेली. योगायोग बघा. ज्या वर्षी जळगावात पहिलं मराठी कविसंमेलन भरलं, त्याच वर्षी जळगावची भाषा मराठीच्या खंडाबाहेर नोंदली गेली. ग्रिअर्सनची कारणं व्याकरणाची होती आणि त्यावर भाषातज्ज्ञ अजून वाद घालतात. वर्गात मात्र त्याचा अर्थ सोपा झाला. 'शे' म्हटलं की गावंढळ, 'आहे' म्हटलं की हुशार.

मी ज्या शाळेत होतो तिथे स्नेहसंमेलनात अहिराणी गाणं चालायचं नाही. नियम लिहिलेला नव्हता, पण यादी बाईंकडे गेली की ते गाणं खोडलं जायचं. लावणी चालायची, हिंदी सिनेमाचं देशभक्तीचं गाणं चालायचं, आणि दरवर्षी न चुकता कोळीगीत असायचं. जवळचा समुद्र दोनशे किलोमीटरच्याही पलीकडे आणि आमच्या सातवीच्या मुली टोपल्या-जाळी घेऊन होडीचं गाणं नाचतायत, समोर बसलेले पालक सगळे कापूस नि बाजरी पिकवणारे. कोळीगीताशी माझं काही भांडण नाही. पण त्या मुलींना आखाजीची पंधरा गाणी येत होती आणि ती स्टेजवर आली नाहीत. त्यांनाही कळलं की ही गाणी स्टेजची नाहीत. मग ती गल्लीचीही राहिली नाहीत.

जनगणनेत याचा हिशेब दिसतो. २००१ साली आपली मातृभाषा अहिराणी किंवा खानदेशी आहे असं सांगणारे सुमारे २०.७५ लाख होते. २०११ साली सुमारे १८.६० लाख. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली आणि भाषा सांगणारे दोन लाखांनी घटले. एवढी माणसं मेली नाहीत, गेलीही नाहीत. जनगणनेचा माणूस दारात आला तेव्हा त्यांनी 'मराठी' सांगितलं. शाळेत शिकवलेलं उत्तर.

श्रीलंकेतून, मग खिशातून

मोठ्यांनी गाणं बंद केलं की पोरं दुसरीकडून आणतात, हेही काही नवीन नाही. १९५२ साली केंद्रीय नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी गायब झाली. देशाची अभिरुची सुधारायची होती, शास्त्रीय संगीत ऐकवायचं होतं. अख्खा देश म्हणजे जणू एक वर्ग. झालं काय? त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि देशातली तरुण पोरं बुधवारी रात्री श्रीलंकेचं स्टेशन लावून खरखरीतून गाणी ऐकू लागली. शेवटी १९५७ साली सरकारलाच 'विविध भारती' काढावी लागली.

अहिराणी गाण्याला कुणी विविध भारती दिली नाही. ते लग्नाच्या बँडमध्ये राहिलं, हळदीच्या नाचात राहिलं, पुढे कॅसेटवर आणि व्हीसीडीवर गेलं, बाजाराच्या दिवशी बसस्टँडजवळच्या टपरीवर वाजत राहिलं. आमच्या पिढीच्या पोरांनी ताल तिथे घेतला. वरातीत बँडवाल्यांच्या मागे मागे चालत.

मग सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. जून २०२०मध्ये टिकटॉक बंद झालं, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्राम रील्स आलं. आता गाणं काढायला कंपनी लागत नव्हती. धुळे-जळगावकडच्या पोरांनी शेतात, विहिरीवर, ट्रॅक्टरसमोर मोबाइलवर शूट केलं. 'केसावर फुगे' आणि 'हाई झुमकावाली पोर' ही गाणी कोट्यवधी वेळा पाहिली गेली. परदेशातल्या लोकांनी त्यावर नाच केला. ज्या 'शे'साठी कान पिळले गेले, तो देशभर गुणगुणला गेला. ही लढाई कुठल्याही साहित्य संमेलनाने ठराव करून जिंकलेली नाही. दहावी-बारावीच्या वयाच्या पोरांनी ऐकून, नाचून, शेअर करून जिंकली. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

गाण्यातली पोर आणि गाणारी पोर

आता ती खटकणारी गोष्ट. ऑफिसमध्ये अर्थ सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा पुन्हा एकच अर्थ सांगतोय. मुलगा मुलीला म्हणतोय की तू छान दिसतेस. तुझा झुमका, तुझे केस, तुझी चाल. गाणी मजेशीर आहेत, ठेका जबरदस्त आहे, काही गाणी गायिकांच्या आवाजातही आहेत. पण बहुतेक ठिकाणी मुलगी गाण्यात आहे आणि गाणं तिचं नाही.

आणि खानदेशात शंभर वर्षं उलटं होतं. पंधरा वर्षांच्या पोरीच्या गाण्यात पंधरा वर्षांची पोर बोलायची. तिच्या झुमक्याबद्दल नाही, तिच्या सासूबद्दल, तिच्या भावाबद्दल, तिला मिळालेल्या-न मिळालेल्या गोष्टींबद्दल. अहिराणी फोनवर आली तेव्हा वरात आली, झोका आला नाही.

का आला नाही, हे इंजिनिअर म्हणून मला थोडं सांगता येतं. फीड चालवणारी यंत्रणा बघते की पहिल्या काही सेकंदांत तुम्ही थांबलात की बोट वर सरकवलंत. वरातीचा ठेका तिथे लगेच पकडतो. झोक्याचं गाणं हळू चढतं, तीच चाल वीस मिनिटं चालते, त्याची मजा ऐकण्यापेक्षा त्यात आपलं कडवं घालण्यात आहे. अशा गाण्याला प्रेक्षकच नसतो, सगळ्या गाणाऱ्याच असतात. फीडला मात्र प्रेक्षक लागतो. दुसरी अडचण मालकीची. हक्क ओळखणारी यंत्रणा रेकॉर्डिंगचा ठसा ओळखते. गावाची चाल कुणाच्याच नावावर नाही, म्हणून ती जो आधी रेकॉर्ड करून अपलोड करेल तो त्या ध्वनिफितीचा मालक दिसतो. बायकांनी शंभर वर्षं वाढवलेली चाल एखाद्या चॅनेलच्या नावावर जायला एक दुपार पुरते.

इथे मला शाळेची आठवण होते, आणि यावेळी तक्रार म्हणून नाही. फीडला जे परवडत नाही ते शाळेला परवडतं. तिथे रोज साठ मुलं-मुली एका जागी बसतात, त्यांना वर सरकवता येत नाही. जळगावात केशवस्मृती समूहातर्फे भुलाबाई महोत्सव होतो. त्यात शाळाशाळांच्या मुली टिपऱ्या घेऊन ही गाणी सादर करतात. स्पर्धा आली की गणवेशासारख्या साड्या येतात, सराव येतो, अंगणातला मोकळेपणा थोडा जातो, हे खरं. पण मुलीच्या तोंडी मुलीचं गाणं राहतं, आणि स्टेजवर राहतं. ज्या गाण्यांवर आमच्या यादीत काट मारली जायची, त्यांना टाळ्या मिळतात. नुकसानीपेक्षा ही कमाई मोठी आहे असं मला वाटतं.

सरकारनेही एक खिडकी उघडली आहे. २०१७पासून दहावीच्या विद्यार्थ्यांना शास्त्रीय गायन-वादन-नृत्य, चित्रकला यांच्यासोबत लोककलेसाठीही वाढीव गुण मिळण्याची सोय झाली. कागदावर चांगली गोष्ट. पण गुण हवे तर प्रमाणपत्र हवं, आणि प्रमाणपत्र द्यायला संस्था हवी. आखाजीची संस्था कुठली? झोका बांधणाऱ्या आईचा शिक्का कुठून आणायचा?

तरी यातून जे करता येईल ते अवघड नाही. मराठीच्या तासाला बहिणाबाई आल्या की मुलांना एवढंच सांगायचं, घरी जा, आजीला किंवा शेजारच्या काकूंना विचारा, ही कुठल्या चालीत म्हणायची. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि उद्या वर्गात ऐकवा. सोपानदेवांनी वहीत केलं ते आपण फोनमध्ये करायचं. रेकॉर्डिंगला गाणाऱ्या बाईचं नाव, गावाचं नाव आणि तारीख घाला, तिला विचारून. चॅनेल काढायचंच असेल तर शाळेच्या नावाने काढा, म्हणजे चाल कुणा एकाच्या खिशात जाणार नाही. यासाठी शासन निर्णय लागत नाही.

घाईचं कारण साधं आहे. ज्यांना वीस-वीस कडवी पाठ आहेत त्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. माझी मोठी माय २०१९ साली गेली. तिच्या आवाजातलं माझ्याकडे एकच रेकॉर्डिंग आहे, अकरा सेकंदांचं, व्हॉट्सॲपवर. त्यात ती मला जेवलास का एवढंच विचारते. अहिराणीत.